पुजलेला राऊटर

उत्तरेश्वर पेठेतल्या चनबसाप्पांच्या घराच्या पुढच्या सोप्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्यापुढं त्रिकाळस्वामी.

"आई, ये!" स्वामी गरजले.

चनबसाप्पांच्या मुलानं, बसवेशनं, कॉम्प्युटरवर वर्तमानपत्राचं पान उघडलं. वर्तमानपत्र कुठलं? पडद्यावर लाल डोळ्यांची देवी आणि खाली अक्षरं : 'या घरात आलेलं नवं पाऊल वाईट आहे.'

"आगं बाय बाय!" गर्दीनं हात जोडले.

"आई, जा!" म्हटलं, की त्याच पानावर उसाच्या दराच्या बातम्या.

नवं पाऊल म्हणजे वर्षाराणी, शिरोळहून आलेली बसवेशची बायको. भिक्षा मागायला आलेल्या या स्वामींना तिनं मागं एकदा दारातच विचारलं होतं, "भूत-भविष्य कळतंय, मग आज आमच्यात भाकरी शिल्लक न्हाई हे कसं कळलं न्हाई?" गल्ली हसली, स्वामी तेवढे हसले नाहीत. त्यानंतरच देवी पडद्यावर यायला लागली.

आणि वर्षाराणी कोंडली गेली. चुलीपाशी जायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. मोबाईल सासूनं, अक्काताईनं, काढून घेतलेला. आज तर स्वामींनी निकालच दिला : अमावास्येच्या आत हिला माहेरी धाडा, कायमची. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तर तो शुंभासारखा उभा. ओरडावं तर अंगात आलंय म्हणतील, गप्प बसावं तर कबुली. तिला रडू येण्याऐवजी संताप आला.

इंटरनेटचा डबा, म्हणजे राऊटर, देवघरात होता. खंडेनवमीला चनबसाप्पांनी दुकानातल्या तराजू-काट्यांबरोबर त्यालाही कुंकू लावलं होतं. जोडणाऱ्यानं बजावलं होतं, कंपनीचा पासवर्ड बदला, वायरलेसला कुलूप घाला. वर्षाराणीनंही आठवण केली, तर सासरे खेकसले होते, "पुजलेल्या वस्तूत बदल करायचा नसतोय!"

"मामंजी," ती आता पुढं झाली, "जाते मी. पण एकदा ह्या कॉम्प्युटरवर मला बघू द्या."

"हात लावलास तर भस्म होशील!" स्वामी कडाडले.

"व्हते की. धाडायचा तरी तरास वाचंल."

कुणीतरी फिसकन हसलं. "बघू दे तिला," चनबसाप्पा म्हणाले.

तिनं राऊटरची सेटिंग उघडली. कंपनीचाच पासवर्ड, लगेच चालला. जोडलेल्या यंत्रांची नावं समोर आली.

"मामंजी, आपल्यात कॉम्प्युटर किती?"

"ह्यो एकच की."

"मग हितं दुसरा कुणाचा जोडलाय? नाव वाचा की हो."

बसवेश वाकला. "केरबा?"

केरबा म्हणजे स्वामींचा पट्टशिष्य, समोरच्या माडीवर ध्यानाला बसलेला!

"राऊटर पत्ता बघून वाट दावतोय," वर्षाराणी सांगू लागली. "बिनकुलपाच्या वायरलेसमधनं केरबा आत शिरला आणि कंपनीच्याच पासवर्डनं पत्ता बदलला. आपण मागतोय वर्तमानपत्र, आपल्याला नेतोय त्याच्या लॅपटॉपवरच्या चित्राकडं. खिडकीतनं 'ये' ऐकू आलं की वाट वळवायची, 'जा' म्हटलं की सरळ करायची."

बोलता बोलता तिनं सेटिंग पूर्ववत केली, राऊटरचा पासवर्ड बदलला आणि वायरलेसलाही कुलूप घातलं. "आता बोलवा, स्वामी."

"आई, ये!"

उसाचे दर.

"आई, ये! ये गं!"

पुन्हा उसाचे दर. तेवढ्यात समोरच्या माडीवरून हाक आली, "म्हाराज, मला आत जाताच येईना झालंय!"

हशा ओसरेपर्यंत स्वामींनी दुसऱ्याच कुणाच्या चपला पायात सरकवून बोळ गाठला होता.

अक्काताईनं सुनेला मोबाईल परत दिला. "बघा, देवीनंच माझ्या सुनंला बुद्धी दिली!" गर्दीनं पुन्हा हात जोडले.

"आत्ती, देवीला मधी घेऊ नका," वर्षाराणी म्हणाली. "बुद्धी सगळ्यांकडंच हाय. तुमच्यातल्या एकानं जरी हात जोडायच्या आधी 'हे कसं झालं?' म्हणून इचारलं असतं, तर मला कोंडून घालायची पाळी आली नसती. स्वामी एकटाच व्हता. दाराला कडी तुम्ही घातलीसा."

बसवेश कसाबसा म्हणाला, "चल, आत चल."

"न्हाई," ती म्हणाली. "शिरोळला जाते. कुणी धाडतंय म्हणून न्हाई, माझ्या मर्जीनं. परत यायचं का न्हाई, ते इचार करून सांगते."