निळं ठिगळ

"यातला तुझा कोणता गं?" नोव्हेलाने भाजलेले चणे तोंडात टाकत विचारलं. "मला दोन्ही डेचकीच दिसतायत."

कॅपुआ शहराच्या आखाड्यात बायकांची जागा सगळ्यात वर, पार भिंतीला लागून. तिथून लढणारे बोटाएवढे दिसतात. त्यातून या जोडीचं सगळंच सारखं: तीच ढाल, तोच छातीचा पत्रा, तेच चेहरा झाकणारं शिरस्त्राण. पण मला चेहऱ्याची गरजच नव्हती. लढणाऱ्याच्या तलवारीच्या हाताला गोधडीसारखी जाड बाही बांधतात आणि तालमीतल्या साऱ्या बाह्या मीच शिवते. माझ्या मॅटर्नुसच्या बाहीला कोपराशी मी माझ्या जुन्या अंगरख्याचं निळं ठिगळ लावलं होतं.

"निळ्या ठिगळाचा," मी म्हटलं.

"नजर आहे बाई तुझी. मला घरात शेजारी बसलेला नवरा धड दिसत नाही."

"दिसण्यासारखा आहे कुठे?"

शिंगं वाजली आणि आमचं बोलणं थांबलं. निळं ठिगळ पुढे झेपावलं, मागे सरलं, पुन्हा झेपावलं. ढालीवर ढाल आदळली की आवाज आमच्यापर्यंत एक श्वास उशिरा पोचायचा. मी कधी उभी राहिले, कधी नोव्हेलाचा खांदा पकडला, मला कळलं नाही. "डावीकडे, अरे डावीकडे बघ," मी ओरडत होते, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं.

त्याने डावीकडे बघितलं नाही. ढालीची कड मानेवर बसली, तो वाळूत पडला, त्याची ढाल लांब घसरली. त्याने एक बोट वर केलं. म्हणजे हरलो, जीव मागतो.

दुसरा तलवार रोखून थांबला. खेळ भरवणारे शेठ खालच्या पायऱ्यांकडे पाहू लागले. तिथल्या पुरुषांचा वाद सुरू झाला: चांगला लढला, नाही, लवकर दमला.

मी अंगावरची शाल ओढून काढली आणि डोक्यावर फिरवली. "सोडा त्याला!"

नोव्हेलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. चणे सांडून ती उठली. "अगं बायांनो, हिचा नवरा आहे तो. हात मोडलेत का तुमचे?"

मग पिवळ्या, विटक्या, ठिगळांच्या, साऱ्या शाली हवेत गेल्या. खालचे पुरुष वळून बघायला लागले. एकाने झग्याचा सोगा हलवला, मग दहांनी, मग आखाडाभर एकच गजर झाला: सोडा, सोडा. शेठजींनी हात वर केला.

सोडलं. मी शाल पुन्हा अंगावर ओढली.

शिरस्त्राणं उतरली. पडलेल्याचे केस तांबडे होते. तो आमच्याच तालमीतला थॅलुस होता. उभा होता तो माझा टकला मॅटर्नुस, आणि तो वर आमच्याकडे बघत होता.

"नवरा बदललास होय?" नोव्हेला म्हणाली.

संध्याकाळी तालमीच्या दारात मी त्याला गाठलं.

"थॅलुसच्या कोपराला गळू झालंय," मॅटर्नुस म्हणाला. "नवी बाही घासत होती. माझी जुनी, मऊ झालेली, म्हणून ती त्याला दिली."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणार कधी?" तो अंगठ्याची साल काढत राहिला. "आठ वर्षं एका खोलीत झोपतो आम्ही, स्पेराता. सकाळीच म्हणाला, माझ्यासाठी वर ओरडायला कुणी नाही. वेळ आली तर एका घावात उरक."

मी सुईदोऱ्याची पिशवी उघडली.

थॅलुस मान चोळत आला. बाही त्याने स्वतः धुतली होती, वाईटच. "वहिनी, ठिगळ सुटलंय."

"बस तिथे. तुझी नवी बाहीपण आण."

ठिगळ मी पूर्ण उसवलं, कातरीने त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही बाह्या मांडीवर घेतल्या.

मॅटर्नुस बघत होता. "मग वरून मला ओळखशील कशी?"

मी सुई त्याच्यापुढे धरली. "दोरा ओवून दे. जवळचं दिसत नाही मला हल्ली."