अकरा खुंट्यांची फळी

"टॉवेल सांभाळ, माणसांत जीव अडकवू नकोस. नाहीतर जिवाला घोर लागेल."

मित्रांनो, हे मला माझ्याआधीच्या फळीनं सांगितलं होतं. तिला भिंतीवरून उतरवत होते आणि तिच्याच जागी मला बसवत होते. ती पार कुजली होती, तिचे स्क्रू गंजून तुटले होते. मी मात्र नुकतंच तेल प्यालेली, तुकतुकीत. म्हातारी काहीतरी बरळते आहे असं वाटून मी तिचं बोलणं वाऱ्यावर सोडून दिलं.

त्याला आता एकवीस वर्षं झाली. दक्षिण गोलार्धातल्या न्यूकॅसल शहरात, एका कड्याच्या पायथ्याशी, खडकात भिंत घालून समुद्राचं पाणी अडवलेला एक पोहण्याचा तलाव आहे. भरती आली की लाटा भिंतीवरून उडी मारून आत येतात. त्या तलावाच्या काठावरच्या शेडमध्ये मी असते. माझं लाकूड बंदरातल्या एका जुन्या धक्क्याचं. जहाजांचे दोर घासून पडलेले वळ अजून माझ्या अंगावर आहेत. आर्ची पेनगेली नावाच्या होड्या बांधणाऱ्या कारागिरानं मला रंधा मारला, घासलं आणि अकरा पितळी खुंट्या बसवल्या. "हिच्यावर घोडा टांगलात तरी चालेल," असं तो म्हणाला. घोडा कुणी टांगला नाही, पण बाकी सगळं टांगून झालं.

मी जागची हललेली नाही, तरी हे शहर मला बरंच ठाऊक आहे. वाळूच्या टेकड्यांवरून फळकुटावर बसून घसरून आलेली मुलं माझ्यावर पिशव्या अडकवतात, आणि दिवसभर त्यांतून वाळू झरत राहते. खाडीत होड्या वल्हवून आलेल्यांच्या लाइफ जॅकेटांना चिखलाचा वास असतो. देवमासे बघायला कड्यावर उभे राहणारे लोक दुर्बिणी टांगून पाय भिजवायला जातात. लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांचे काळे रबरी पोशाख माझ्या छातीवर तासन्‌तास ठिबकतात. सुट्टीत तर अकरा खुंट्यांवर तीस-तीस वस्तू! कुणी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतं. कुणी विचारतं, "इथून कड्यावरच्या वाटेनं दीपगृहापर्यंत किती वेळ लागतो?"

याचं उत्तर ग्लेनिस देते. "गप्पा मारत गेलात तर दीड तास. लग्नाला दहा वर्षं झाली असतील तर पाऊण."

ग्लेनिस आमच्या नेहमीच्या मंडळींपैकी. तीस वर्षं तिनं एका शाळेचं कॅन्टीन चालवलं. तिचा आवाज अजून रांग लावतो. पहिली खुंटी तिची. दुसरी कोस्ताची, ज्याचं वरच्या रस्त्यावर तळलेल्या माशांचं दुकान आहे. त्याच्या टॉवेललाही तेलाचा वास येतो. खुंट्यांवर नावं नाहीत, पण कुणाची खुंटी कुठली हे सगळ्यांना पाठ. चौथी खुंटी लायल ड्रमंडची. बंदरात मोठाली जहाजं ओढून आणणारी टगबोट त्यानं आयुष्यभर चालवली. आता तो अठ्ठ्याहत्तरचा. बोलणं मोजकं. पाण्यातून वर आला की कुणीतरी विचारायचं, "लायल, पाणी कसं आहे आज?"

"ओलं," तो म्हणायचा. रोज हेच. आणि रोज बाकीचे हसायचे.

मध्यंतरी सात वर्षं मला तेलाचा थेंब मिळाला नव्हता. मी तडकायला लागले होते. मला काढून प्लॅस्टिकच्या खुंट्या लावाव्यात असंही कुणी म्हणालं. तेव्हा लायल घरून तेलाचा डबा घेऊन आला आणि दिवसभर मला चोळत बसला. तेव्हापासून दर वसंतात तो हे करायचा. माझा त्याच्यात जीव अडकला, त्याला मी काय करू?

दोन वर्षांपूर्वी पानगळीच्या दिवसांत ब्रॉन्विन आली. पाच महिन्यांची मुलगी बाबागाडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं बाळाची पिशवी नेमकी चौथ्या खुंटीवर अडकवली.

"अगं ए पोरी, ती लायलची खुंटी आहे!" ग्लेनिस ओरडली.

ब्रॉन्विन अशी दचकली, जणू काही चोरलंच होतं. लायल म्हणाला, "राहू दे. मी तरी एकटा किती टांगणार?"

त्या दिवसापासून चौथी खुंटी दोघांची झाली. ब्रॉन्विन चार फेऱ्या पोहायची आणि तेवढा वेळ लायल बाबागाडी हलवत काठावर बसायचा. प्रत्येक टोकाला पोहोचली की ती मान वर काढून बघायची. "आहे गं इथेच," तो म्हणायचा. "अजून चालताही येत नाही तिला. पळेल कुठे?" बाहेर आली की ब्रॉन्विन बाळाचा पट्टा तीनदा तपासायची. मग सगळे विचारायचे, बाळ झोपतं का, बाळाला दात आले का? ती सांगायची. मला ती आवडायची. तिची नजर माझ्यासारखीच, सारखी सगळ्यांना मोजणारी.

जुलै उजाडला. आमच्याकडे जुलै म्हणजे थंडी. दगड बर्फासारखे होतात आणि पाहुणे नाहीसे होतात. आमची मंडळी तेवढी येतात, दात वाजवत. एका सोमवारी लायल आला नाही.

"गेला वाटतं उत्तरेला," ग्लेनिस म्हणाली. दर हिवाळ्यात तो गाडीला कारवान, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून उन्हाच्या मुलखात निघून जायचा. "देवमासे गेले, आता म्हाताराही गेला."

"सांगून नाही गेला," कोस्ता म्हणाला.

"कधी सांगून जातो? गेल्या वर्षी सांगितलं होतं?"

ते खरंच होतं. आमच्याकडे निरोपाचा सोहळा कुणी करत नाही. उगाच लाज वाटते सगळ्यांना.

पण मित्रांनो, चौथ्या खुंटीवर लायलची कापडी थैली तशीच होती. उत्तरेला जाताना तो ती नेहमी काढून नेतो. इतक्या वर्षांत एकदाही विसरला नव्हता. मी करकरले. जीव तोडून करकरले. ग्लेनिस म्हणाली, "वारा सुटलाय गं बाई."

मंगळवारी ब्रॉन्विननं ती थैली उघडली. आत कानात घालायचे थेंब होते.

"हे घातल्याशिवाय तो पाण्यात उतरत नाही," ती म्हणाली. "उत्तरेला पोहायला गेला आणि हेच इथे?"

"तिकडे औषधांची दुकानं नाहीत का?" कोस्ता म्हणाला.

"अगं राणी," ग्लेनिस हसत म्हणाली, "तू म्हणजे ना, सीगल पक्षी शिंकला तरी अँब्युलन्स बोलावशील!"

सगळे हसले. ब्रॉन्विनही हसली, कानापर्यंत लाल झाली. तिनं थैली परत अडकवली आणि पाण्यात गेली. पण दोनच फेऱ्या मारून बाहेर आली आणि तशीच निथळत उभी राहिली.

"त्याचं घर कुठे आहे?"

ग्लेनिसनं कोस्ताकडे पाहिलं. कोस्तानं माझ्याकडे, म्हणजे भिंतीकडे. मित्रांनो, अकरा वर्षं ही माणसं रोज सकाळी एकत्र कुडकुडली होती. लायलच्या पाठीवरचे तीळ त्यांना माहीत होते. त्याचं घर मात्र एकालाही माहीत नव्हतं. फोन नंबरही कुणाकडे नव्हता.

"वर टेकडीवर कुठेतरी," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"भांडी घासताना कोळशाची जहाजं मोजतो म्हणाला होता," कोस्ताला आठवलं. "म्हणजे खिडकी समुद्राकडे."

"अख्ख्या टेकडीच्या खिडक्या समुद्राकडे आहेत, कोस्ता!"

"कारवान शोधू या," ब्रॉन्विन म्हणाली. "हिरव्या पट्ट्याची. ती दारात असली, तर..."

 ग्लेनिस ओल्या केसांनी, अंगावर नुसता झगा घालून निघाली. ब्रॉन्विन बाबागाडी ढकलत निघाली. कोस्ता आपली व्हॅन आणायला धावला. तीन टॉवेल जमिनीवर पडले होते. तेही कुणी उचलले नाहीत.

मी एकटी उरले. लाटा भिंतीवर आपटत होत्या. जुन्या फळीचे शब्द तेव्हा मला समजले. टॉवेल नुसते टॉवेल असते, तर किती सोपं होतं! बऱ्याच वेळानं वरून सायरन ऐकू आला. तो जिवंत माणसासाठी आहे की माणूस गेल्यानंतरचा, हे फळीला कसं कळणार?

पुढचं मला ग्लेनिसच्या तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते चार-पाच वेळा सांगितलं आणि दरवेळी शेवटी नाक शिंकरलं. तिसऱ्या गल्लीत, ताडपत्री घातलेली, हिरव्या पट्ट्याची कारवान दारातच उभी होती. त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. "बाहेर गेला असेल," असं ग्लेनिस म्हणाली सुद्धा. पण ब्रॉन्विननं पत्र टाकायच्या फटीला कान लावला आणि हातानं सगळ्यांना गप्प केलं. आतून टक्‌... टक्‌... असा आवाज येत होता.

कोस्तानं मागच्या दाराची काच फोडली. कपडे धुण्याच्या खोलीत, भिंत आणि मशीन यांच्यामध्ये लायल रविवारपासून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओरडून ओरडून आवाज गेला होता, म्हणून तो बुटानं मशीनवर ठोकत होता. ग्लेनिस रडत त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "लायल, कसा आहेस रे?"

"कोरडा," तो म्हणाला.

आणखी एक दिवस त्या थंडीत निघाला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

त्या वसंतात मला ब्रॉन्विननं तेल लावलं. तिनं फार लावलं, मी आठवडाभर चिकट होते, पण कशाला तक्रार करू? कोस्तानं प्रत्येक खुंटीखाली पेन्सिलीनं ज्याच्या-त्याच्या घराचा नंबर आणि गल्ली लिहिली. लायल काठी टेकत परत आला, तेव्हा ते वाचून म्हणाला, "चोरांची चांगली सोय केलीत."

"तुझ्याकडे चोरायला आहे काय?" ग्लेनिस म्हणाली.

"कारवान आहे की! नेऊ दे, छत गळतं तिचं."

आता तो साखळी धरून पायऱ्या उतरतो आणि एकच फेरी मारतो. मंडळी गावाला जाताना सांगून जातात, लाज वाटली तरी. माझं बरं चाललं आहे.

एकच गोष्ट सांगायची राहिली. या उन्हाळ्यात ब्रॉन्विन तीन दिवस आली नाही. "मुलीला सर्दी झाली असेल," ग्लेनिस म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. चौथ्या दिवशी ती आली. केस विंचरलेले नव्हते.

"कशी आहे आमची छकुली?" ग्लेनिसनं विचारलं.

"मजेत."

"जेवते नीट?"

"हो, सगळं खाते."

बाकावरून लायल म्हणाला, "आणि तू?"

  ब्रॉन्विन त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मला झोप लागत नाही, लायल. दार लावलंय का बघायला उठते. ती श्वास घेते आहे का बघायला उठते. दोन वर्षं झाली. हे मला कुणी विचारलंच नाही."

 ग्लेनिसनं मुलीला कडेवर घेतलं आणि खडकातले खेकडे दाखवायला घेऊन गेली. कोस्तानं दुकानातून कागदात बांधलेले गरम बटाटे आणले. उद्या तिला डॉक्टरकडे कोण घेऊन जाणार, यावर दोघांचं थोडं भांडणही झालं. त्या दिवशी ब्रॉन्विन बारा फेऱ्या पोहली. एकदाही मान वर काढून बघितलं नाही.

मित्रांनो, मी भिंतीला बांधलेली. मला कुणाचं दार वाजवता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत लहान मूल घेऊन दिवसभर घरात असलेली एखादी असेल. सगळ्यांवर लक्ष ठेवणारी, सगळ्यांची चौकशी करणारी. आज तिच्याकडे जाऊन या. बाळ दारातच तुमच्याकडे झेपावेल, हसेल. त्याला कडेवर घ्या, पण त्याच्याबद्दल नंतर विचारा. आधी तिला विचारा, ती कशी आहे. आणि "मजेत" म्हणाली, तर जरा वेळ तिथेच बसा.