रेणूच्या मापाची रायफल

मुलगी दाखवायच्या वेळी ‘हिला रायफलीचा नेम धरता येतो’ हे सांगायचं नसतं, एवढं माझ्या आईनं मला बजावून ठेवलं होतं. माझे वडील तेव्हा आलापल्लीला जंगलखात्यात रेंज ऑफिसर होते. शिकारीला परवाने मिळण्याचे ते दिवस. आईचं सांगणं मी इतकं पाळलं, की पन्नास वर्षं सासरी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. ते बाहेर आलं २००६च्या ऑक्टोबरात, टेक्सासमधल्या प्लेनोत, आणि तेही सुनेमुळे.

सून म्हणजे रेणू. नागपूरची. पाच फुटांना एक इंच कमी. सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी, आणि त्यातली पक्की. तिच्या ऑफिसातली डोना नावाची मैत्रीण दर नोव्हेंबरात चार बायकांना घेऊन लानोजवळ वडिलांच्या रँचवर हरणाच्या शिकारीला जायची. सोमवारी त्या परत आल्या की आठवडाभर तेच. कोण पहाटे थंडीत कुडकुडलं, कुणाचं हरीण हुकलं, कुणी कॉफीचा थर्मास लवंडला. रेणू सहा वर्षं ते ऐकत होती. या वर्षी एकीची बदली झाली आणि डोनानं विचारलं, “येतेस?”

त्या दिवशी ती घरी आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. मी मेथी निवडत होते.

“आई, तुम्हाला एक सांगू? रागावणार नाही ना?”

“पोरगं होणार असेल तर आता या वयात मला जमायचं नाही,” मी म्हटलं.

“काय बाप्पा आई तुम्ही पण.” आणि मग तिनं सांगितलं. बोलताना तिचे हात एका जागी राहत नव्हते.

मी रागावले नाही. मेथी बाजूला सारली आणि म्हटलं, “कोणती रायफल घेणार?”

तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

टेक्सासात शिकारीचा परवाना काढायचा तर ठरावीक सालानंतर जन्मलेल्यांना शिकवणीचा दाखला लागतो. रेणू दोन शनिवार बारा-बारा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसून आली आणि शंभरात शहाण्णव मार्क घेऊन आली. दाखला फ्रिजवर लागला. पण डोनाच्या वडिलांची, मिस्टर हॉलिसची, स्वतःची एक अट होती. नवख्या माणसानं शंभर यार्डांवरून कागदी थाळीत सलग तीन गोळ्या घालून दाखवायच्या. तसं झालं नाही तर खुशाल यावं, जेवावं, पण रायफल घेऊन रानात जायचं नाही. जनावर जखमी होऊन पळालेलं त्यांना खपत नसे. मला तो माणूस न बघताच आवडला.

रायफल निवडायचं काम परीक्षितनं अंगावर घेतलं. माझा मुलगा असला तरी सांगते, त्यानं आयुष्यात पिचकारीखेरीज काही उडवलं नव्हतं. पण एक्सेल शीट करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अठ्ठावीस रायफली, प्रत्येकीपुढे अकरा रकाने. रात्री जेवताना दोघं त्या नंबरांवर असे बोलायचे की जणू मुलीला स्थळं बघताहेत. शेवटी त्याच्या शीटनं कौल दिला तो थ्री हंड्रेड मॅग्नमला. लांब, जड, हत्तीसारखी ताकदवान.

“हरणाला एवढं कशाला?” मी विचारलं.

“अगं आई, उद्या कोलोराडोला एल्कसारखं घोड्याएवढं जनावर मारायला जायचं झालं तर? दरवेळी नवीन घ्यायची का? एकदाच मोठी घेऊन टाकायची.”

“आधी हरीण तर मारू दे तिला.”

“तूच शिकवलंस ना हे. मला पाचवीत घेतलेला युनिफॉर्म मी आठवीपर्यंत घातला.”

आपल्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. बूट घेतले की पुढे कापूस कोंबायचा. आणि रेणूलाही तीच हवी होती, कारण डोनाची स्वतःची रायफल चांगली मोठी होती. मी गप्प बसले. गप्प बसायची मला पन्नास वर्षांची सवय होती.

सीझन उघडायच्या आधीचा शेवटचा शनिवार उजाडला. मॅकिनीच्या बाहेर एक दुकान होतं, मागे नेमबाजीचं मैदान. दुकानदार वेंडेल हा मिस्टर हॉलिसचा जुना मित्र. थाळीचा निकाल त्यानंच बघायचा आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्यांना फोन करायचा, असं ठरलं होतं. कारण कुणी कुठल्या मचाणावर बसायचं याची वाटणी हॉलिस त्याच संध्याकाळी करत. मी गाडीत मागे बसले होते. रेणू वाटभर पाय हलवत होती. माझाही हलत होता, पण साडीत दिसत नाही.

दुकानात शिरले आणि तो वास आला. बंदुकीच्या तेलाचा. पन्नास वर्षांत मला तो आला नव्हता. भिंतीवर ओळीनं रायफली, अक्रोडाच्या लाकडाच्या, काळ्या फायबरच्या. मी प्रत्येकीचा दस्ता बघत चालले होते आणि मला कुणी हाक मारत होतं ते कळलंच नाही.

“आई, इथे बसा,” रेणू म्हणत होती. तिला वाटलं मी दमले.

वेंडेलकडे वापरून बघायला जुन्या रायफली असायच्या. परीक्षितनं मॅग्नम मागितली. वेंडेलनं रेणूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि म्हणाला, “ही लाथ मारते, मॅम.”

“आय कॅन हँडल,” रेणू म्हणाली.

मैदानात लाकडी टेबलं, त्यावर वाळूच्या पिशव्या. शंभर यार्डांवर पांढरी थाळी टाचली होती, इथून ती रुपयाएवढी दिसत होती. रेणूनं कानावर झाकणं चढवली, डोळ्याला चष्मा लावला आणि बसली. दस्ता तिला लांब होत होता. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून ती मान पुढे काढत होती, पुढे, आणखी पुढे, डोळा अगदी रायफलीवरच्या दुर्बिणीला टेकेपर्यंत. मी “थांब” म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज झाला.

रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड तिच्या कपाळावर बसली. भुवईच्या वर बारीक चंद्रकोर उमटली आणि तिच्यातून रक्त ओघळलं. थाळी कोरीच.

वेंडेलनं पट्टी आणली. असे कपाळाचे चंद्र मी पुष्कळ पाहिलेत, म्हणाला, टाका लागणार नाही. परीक्षित पांढराफटक पडला होता. “चल रेणू, बस झालं. नेक्स्ट इयर बघू.”

घड्याळात पावणेतीन झाले होते. रेणूनं एकदा थाळीकडे पाहिलं आणि एकदा दाराकडे, आणि मला दिसलं की ती दाराकडे निघणार. एकदा निघाली की परत यायची नाही.

“रेणू,” मी म्हटलं, “ती रायफल रिकामी आहे का बघून घे, आणि दस्ता कोपराच्या आत टेकव. हात काटकोनात. आता बोट चापाशी ने.”

“आई, तुला काय माहिती यातलं?” परीक्षित म्हणाला.

“तू रक्त पूस आधी तिचं.”

रेणूनं टेकवला. बोट चापाच्या दोन बोटं अलीकडेच राहिलं. वेंडेल माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या इंग्रजीत त्याला म्हटलं, “दोन बोटं आखूड दाखवा. आणि गोळी लहान.”

“कुठे शिकलात?” त्यानं विचारलं.

“वडिलांकडे. ३१५ बोअर. एकोणीसशे पन्नास.”

परीक्षितच्या हातातला कागदी रुमाल तसाच राहिला. “आई?”

“मला कधी विचारलंस का, लग्नाआधी मी काय करायचे?”

वेंडेल आत गेला आणि एक आखूड रायफल खोक्यासकट घेऊन आला. टू फोर्टी-थ्री. हलकी, देखणी, अक्रोडी दस्त्याची. रेणूनं कोपराशी लावली आणि बोट चापावर अलगद जाऊन बसलं, जणू तिथेच राहत होतं. तिचा चेहरा खुलला. मग तिला टेबलावरचा खोका दिसला. त्यावर टोपीवाल्या एका मुलाचं चित्र होतं.

“ही मुलांची आहे.”

“पण मापाची आहे.”

“आई, डोनाला काय सांगू मी? तिथे सगळ्या हसतील ना यार. किंडरगार्टनची बंदूक.”

“चप्पल घेताना स्वतःच्या पायाचं माप देतेस की डोनाच्या पायाचं?”

परीक्षित मधेच म्हणाला, “पण हिची रेंज मॅग्नमपेक्षा खूप—”

“परीक्षित,” रेणू म्हणाली, “शट द शीट.”

ती बसली. या वेळी मान सरळ, डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब. सगळं जागच्या जागी. आणि पहिली गोळी गेली कुठेतरी खाली मातीत. दुसरीही मातीत. लाथ मारून घेतलेलं शरीर विसरत नाही. चाप ओढायच्या क्षणी ती डोळे मिटत होती आणि खांदा पुढे ढकलत होती. तिला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण सोळाव्या वर्षी मीही अगदी असंच करत होते. काकांच्या जड बंदुकीनं माझा खांदा आठवडाभर जांभळा केला होता आणि त्यानंतर मी समोरच्या सागाच्या झाडालासुद्धा चुकत होते.

माझ्या वडिलांनी तेव्हा जे केलं ते करायचं मी ठरवलं. वेंडेलला विचारलं, तो म्हणाला, खुशाल करा.

“रेणू, आता रायफल मी भरणार. तू पलीकडे बघायचं. कधी गोळी घालेन, कधी नाही. तू प्रत्येक वेळी भरलेलीच आहे असं समजून चाप ओढायचा.”

“का पण?”

“ओढ तर.”

मी बोल्ट मागे घेतला. लोखंडावरून लोखंड सरकल्याचा तो आवाज. माझी बोटं बहात्तर वर्षांची झाली होती, पण त्यांना कुणी ते सांगितलं नव्हतं. मी गोळी न घालताच बोल्ट बंद केला आणि रायफल तिच्या हातात दिली.

तिनं चाप ओढला. टक् झालं. आणि रिकाम्या रायफलीची नळी चांगली वीतभर खाली गेली.

रेणू हळूच म्हणाली, “हे मी केलं?”

“तूच. ती लाथ मारायच्या आधीच तू तिला मारतेस.”

चूक डोळ्यांनी दिसली की रेणू तिला सोडत नाही, तो तिचा पिंडच. “पुन्हा द्या,” म्हणाली. टक्. नळी थोडी खाली. “पुन्हा.” टक्. “पुन्हा.” सहाव्यांदा नळी हललीच नाही. सातव्यांदाही नाही. आठव्यांदा मी गोळी घातली, तिला कळू न देता. तिनं तितक्याच शांतपणे चाप ओढला, आवाज झाला, आणि ती दचकली ती गोळी गेल्यानंतर. वेंडेल त्याच्या हातातल्या दुर्बिणीतून बघत होता. “मधोमध,” तो म्हणाला.

मला नाचावंसं वाटलं. परीक्षितनं त्याची छापून आणलेली शीट कधी घडी करून खिशात घातली, मी पाहिलं नाही.

सव्वाचार वाजले होते. वेंडेलनं नवी थाळी टाचली. आता मोजायच्या गोळ्या.

पहिली मी भरून दिली. थाळीच्या उजव्या अंगाला, पण आत. दुसरीही मीच भरली. पहिलीच्या वर तीन बोटं. तिसरीसाठी मी हात पुढे केला, तर रेणू म्हणाली, “आई, द्या. आता मी भरते.”

माझ्या मनात आलं, नको, आता भरलेली आहे हे तिला कळणार. पण रानात तिच्या शेजारी बसून गोळी लपवायला कोण असणार होतं? मी काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते घातलं, बोल्ट लोटला, गाल दस्त्याला लावला. पट्टीखालचं कपाळ घामानं चमकत होतं. एक श्वास आत, अर्धा बाहेर. मी माझाही रोखून धरला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणीतरी बार काढला. तिनं बोट उचललं, वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिथेच मला कळलं, हिचं झालं.

गोळी गेली. नळी स्थिर होती.

वेंडेल चालत जाऊन थाळी काढून घेऊन आला. तीन भोकं, हाताच्या पंजाखाली झाकली जातील एवढ्यात. रेणूनं थाळी घेतली, मला मिठी मारली, आणि मला तिच्या केसांत बारुदाचा वास आला.

दुकानात परत येऊन वेंडेलनं विचारलं, मग काय देऊ?

“ही,” रेणू म्हणाली. तिनं खोका स्वतःकडे ओढला, चित्र वर करून. फॉर्म भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, राहत्या पत्त्यासाठी तीन महिन्यांची लाइटबिलं दाखवली. सरकारी तपासणीचा फोन लागेपर्यंत ती काउंटरवर बोटं वाजवत होती. तिकडून होकार आला, तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. मग वेंडेलनं मिस्टर हॉलिसना फोन लावला आणि थोडं बोलून रिसीव्हरवर हात ठेवला.

“थाळी पास म्हणतोय. पण नवख्या माणसाबरोबर मचाणात जाणतं माणूस बसलेलं त्याला हवं. डोना दुसरीकडे बसते. तुझ्याबरोबर कोण?”

परीक्षित खाकरला. “मी जाऊ शकतो.”

“बायकांचा कॅम्प आहे,” रेणू म्हणाली. “आणि जाणतं माणूस म्हणाले ते.” मग तिनं वेंडेलकडून रिसीव्हर घेतला. “मिस्टर हॉलिस? माय मदर-इन-लॉ. येस सर. बेटर दॅन मी.”

“अगं पण, माझ्याकडे परवाना कुठे आहे?” मी म्हटलं.

वेंडेलनं माझ्याकडेही ग्रीन कार्ड आहे ना ते विचारलं आणि मग जन्मसाल. मी सांगितलं, चौतीस. “मग तुम्हाला शिकवणीची गरज नाही,” म्हणाला, “ती एकाहत्तरनंतरच्या पोरांना.” आणि त्यानं काउंटरवरचं परवान्याचं यंत्र सुरू केलं. उंची विचारली, डोळ्यांचा रंग विचारला. कागद कुरकुरत बाहेर आला, त्यावर माझं पूर्ण नाव. वेंडेलनं पेन पुढे केलं. मी पदर खोचला, चष्मा पुसला आणि सही केली.