मातीच्या अळ्या

ढोके सरांना निसर्ग कळत नव्हता, हिरवा रंग मात्र पक्का कळत होता. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात पाहुणे यायच्या आधी त्यांनी त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या रागिणीचा स्टॉल साफ करून घेतला. ती चहाला गेली होती, तेवढ्यात.

परत येऊन पाहते तर प्लॅस्टिकची हिरवळ, तिच्यावर कापडी वाघ आणि थर्माकोलची अक्षरं: निसर्ग वाचवा.

"माझा धुरा कुठाय, सर?"

"ती झुडपं? अहो मॅडम, साहेबांच्या पँटला काटे लागले असते. मागं टाकलीत."

दोन वावरांमधला काटेरी बांध म्हणजे धुरा; त्याचा एक तुकडा तिनं बोरी-तरवडासकट भातकुलीहून आणून उभा केला होता.

"आणि अळ्यांचे ट्रे?"

"मुलांच्या मातीकामाचे? तेही."

दाट धुऱ्याजवळ पाखरं जास्त अळ्या टिपतात का, हे पाहायला हिरव्या मातीच्या अळ्या कपाशीच्या पानांवर चिकटवायच्या आणि दोन दिवसांनी पाखरांच्या चोचींचे खड्डे मोजायचे, असं तीन वर्षं चाललं होतं. अहवालावर सही ढोके सरांचीच होती. रागिणीला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

पण खुशालराव यायचे होते. अभ्यासातला सगळ्यात दाट धुरा त्यांचा. चैतात धुरा पेटवायची गावाची रीत. तिच्या शब्दाखातर त्यांनी तीन वर्षं काडी लावली नव्हती. "आता पोट्टे आयकत नाई. काय निघालं थे दाखवा, मंग पाहू," असं ते म्हणाले होते.

ते आले. आधी वाघाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"काहून बाई, तुमच्या सायबानं तुमचाच धुरा साफ केला, अन् मले म्हनता ठेवा?"

"मागं या, काका."

मांडवामागं उष्ट्या पत्रावळींशेजारी झुडपं उलटी पडली होती. रागिणीनं त्यांतून दोन्ही ट्रे उपसून झटकले. एकातल्या अळ्या टोचून टोचून चाळणी झालेल्या, दुसऱ्यातल्या गुळगुळीत.

खुशालरावांनी एका खड्ड्यात नख घालून पाहिलं. "साळुंकी."

"हो. या तुमच्या वावरातल्या."

"अन् ह्या साबूत?"

"तुमच्या भावाच्या. त्यांचा धुरा दरवर्षी जळतो."

म्हाताऱ्यानं दोन्ही ट्रे एकमेकांशेजारी धरून पाहिले. मग ट्रे काखेत मारले. "पोट्ट्याईले दाखोतो. यंदाही काडी नाई लागत."

मांडवातून सरांचा आवाज आला, "वाघ वाचला, तर शेतकरी वाचेल!"

"थ्या वाघाच्या बुडाखाली लावू का काडी?" खुशालरावांनी विचारलं.

"नको," रागिणी म्हणाली. "खालची हिरवळ प्लॅस्टिकची आहे. धूर फार होईल."