लिंबाखाली थांबू नका

मित्रांनो, मी एक जुना लिंब आहे. पुणतांब्याच्या शिवारात, कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या कांद्याच्या रानात, बांधावर उभा आहे. एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने कोळसा. असा का झालो, तेच सांगतो.

कुण्या पाखराने टाकलेल्या लिंबोळीतून मी उगवलो. शेळ्यांनी कितीदा शेंडा खुडला, तरी हट्टाने वाढलो. पुढे आसपासची झाडं तुटली आणि मी एकटाच उंच उरलो. त्याचा मला भारी तोरा होता. कांदा काढायला बायांची टोळी आली की भाकरी माझ्याखाली, पाण्याची कळशी माझ्याखाली, तान्ह्या लेकराची झोळी माझ्याच फांदीला. "ह्या लिंबाखाली जीव कसा गार हुतो," असं टोळीची मुकादम रंगुबाई म्हणायची. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मागच्या उन्हाळ्यात कितीतरी दिवस नुसतं कोरडं ऊन होतं. मग एका दुपारी वारा पडला. माझं एक पान हलेना. पाखरं गप्प झाली. गोदावरीकडून आभाळ काळंनिळं होत वर सरकलं आणि माझ्या शेंड्यात काहीतरी झिणझिणू लागलं. मला भीती वाटली. तेवढ्यात गडगडलं आणि सगळी माणसं धावत आली, नेहमीसारखी माझ्याकडेच.

त्यांच्यात ज्योती होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि त्याच्यावर वीज पडते, असं इकडे मानतात.

"ज्योती, तू लांब जा बाई. तुझ्यापायी आमच्यावर पडंल," रंगुबाई म्हणाली.

ज्योती गेली आणि उघड्या रानात, वाफ्यात उकिडवी बसली. रंगुबाईचा मुलगा छगन माझ्या बुंध्याला टेकून उभा राहिला.

वीज माझ्यावर पडली. बुंध्यातून खाली उतरली आणि छगन गेला. ज्योतीला काही झालं नाही. तरी गावात बोललं गेलं ते हेच, की पायाळू रानात होती म्हणून वीज आली. मी अर्धा जळून समोर उभा होतो, पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

यंदा ज्योतीला कामावर बोलावलं नाही. आज पुन्हा वारा पडला आहे. गोदावरीकडून तेच आभाळ येतं आहे आणि बाया माझ्या उरलेल्या सावलीत बसल्या आहेत. रंगुबाईही आहे, माझ्याकडे पाठ करून. या रानात दुसरी सावली आहे कुठे?

"औंदा भ्याव न्हाई. ती न्हाई ना आली," एक बाई म्हणते.

मला ओरडायचं आहे, पण झाडाला तोंड नसतं.

तेवढ्यात वस्तीवरून ज्योती पळत आली.

"उठा! लिंब सोडा, घरात चला!"

"तू कशाला आली गं? आता आमच्या जिवावर उठली व्हय?" रंगुबाई कडाडली.

ज्योती सरळ पुढे आली. माझ्या बुंध्याला टेकली, छगन टेकला होता तिथंच.

"व्हय, पायाळूच हाय मी. मी हितून हलत न्हाई. आता बसा माझ्याजवळ!"

बाया विळे टाकून कानिफनाथांच्या स्लॅबच्या घराकडे पळाल्या. शेवटची बाई आत गेली, तेव्हा कुठे ज्योती धावली.

दार बंद झालं आहे. ती ओट्यावर उभी राहून कडी वाजवते आहे. टपोरे थेंब पडू लागले आहेत. माझा शेंडा पुन्हा झिणझिणतो आहे.

मित्रांनो, उन्हात माझ्याकडे जरूर या. गडगडलं की मात्र मला एकट्याला सोडा. मी उंच आहे, वीज मला शोधते, कुणाचे पाय बघत नाही. माझ्यासाठी तुम्ही काही करू नका.

रंगुबाई, तेवढं दार उघड.