गुणाजीकाकांची जीप

जीप सुरू झाली तशी सरूकाकीनं चाकांखाली लिंबं ठेवली आणि बोनेटपुढं नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे वाटून व्हायच्या आतच जीप बांधाच्या वळणावर बंद पडली.

स्टिअरिंगवर नमिता होती, शेजारी धनेश. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. थोडा वेळ थांबून नमितानं सेल मारला, तर जीप एका दमात चालू. वळवून परत निघाले, तर देवळापाशी पुन्हा बंद. अशी उठत-बसत ती अंगणात आली, तेव्हा ओट्यावर जमलेली माणसं हसू दाबत होती.

हसले नाहीत ते एकटे सरूकाकीचे नवरे, गुणाजीकाका. ते पडवीतल्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. जीप त्यांची होती. त्यांनी डावा हात वर केला, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, ते जमेना तसं तोंड फिरवलं.

काळेखार हे पेणच्या खाडीकाठचं गाव. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि दोन्हींच्या मधून जाणारा बांध हाच रस्ता. एसटी लांब हायवेवरून जायची. गुणाजीकाकांनी तरुणपणी मिठागरात काम केलं, मग एक जुनी डिझेल जीप घेतली. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, नाहीतर हमरापूरहून गणपती आणायचे असोत, जीप त्यांचीच.

गावातलीच नमिता बारावीनंतर रोह्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला लागली, तेव्हा तिच्या वर्गात दुसरी मुलगी नव्हती. त्याहून मोठी अडचण होती सकाळच्या गाडीची. पेण स्टेशनवरून रोह्याची ती एक गाडी चुकली की दिवस गेला. वडील भल्या पहाटे मिठागरात जायचे, घरी सायकलीशिवाय काही नाही. आईनं गुणाजीकाकांना नुसतं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मला रोज पेणला जायचंच हाय. पोरगी मागं बसंल, त्यात काय?"

दोन वर्षं नमिता त्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसून स्टेशनला गेली. वर्गात शिकवलेलं जीपच्या आवाजावरून पडताळून बघायचा तिला नाद लागला. आता ती रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत जनरेटरच्या देखभालीला होती, खोली करून तिथंच राहत होती. 

गुणाजीकाकांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता बराच काळ झाला होता. उजवी बाजू लुळी पडली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर यायचे नाहीत. "हाय", "नाय" आणि अधूनमधून एखादा सुटा शब्द, एवढंच. पेणच्या फिजिओथेरपिस्ट किमया मॅडमनी सांगितलं होतं, नेमानं या, हात सुधारेल. पण बांधाचा रस्ता इतका फुटलेला की रिक्षावाले यायला तयार नसत. चार-पाचदा कसंबसं नेलं, मग जाणं थांबलं. आणि जीप मांडवाखाली गंजत उभी.

भंगारवाला विचारून गेल्याचं नमिताला सुट्टीत आल्यावर कळलं. ती तशीच सरूकाकीकडं गेली.

"काकी, देऊ नको ती. मी बघते."

"अगो, तिच्यात आता काय उरलंय? उंदरांनी वायरी खाल्ल्यात."

"वायरी नव्या घालता येतात."

मग सगळा हिवाळा नमिताची साप्ताहिक सुट्टी त्या मांडवाखाली गेली. धनेश तिचा आयटीआयचा वर्गमित्र, पेणजवळच्या गडबला हायवेवर त्याचं गॅरेज. तोही हत्यारं घेऊन येऊ लागला. खाऱ्या हवेनं खालचा पत्रा चाळणीसारखा केला होता, तो कापून नवा मारला. ब्रेक खोलले, बॅटरी नवी घातली. डिझेलची टाकी उतरवली तर आत तपकिरी गाळ. तिच्यात खडी आणि थोडं डिझेल घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून ती इतकी हलवली की दुसऱ्या दिवशी नमिताला कंपनीत पाना उचलवेना. गुणाजीकाका दर वेळी खुर्ची मांडवाकडं तोंड करून ठेवायला लावायचे. एखादी गोष्ट मनासारखी झाली की "हाय" म्हणायचे, नाही झाली की डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायचे.

एवढं करून जीप सुरू झाली आणि अशी बंद पडली.

"हवा धरत असंल," धनेश म्हणाला.

डिझेलच्या नळीत कुठं फट असली की हवा आत शिरते आणि इंजिन उपाशी मरतं. त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. हवा असती तर बुडबुडे आले असते. बुडबुडा एकही आला नाही, फक्त पंप जड लागला. फिल्टर बदलला. जीप पुन्हा देवळापर्यंतच गेली.

"मग मोठा पंपच गेला," धनेश म्हणाला. "उतरवून पेणला पाठवू."

"थांब जरा," नमिता म्हणाली. "आधी टाकी बाजूला काढून बघू."

तिनं डिझेलनं भरलेला एक कॅन बोनेटजवळ उंच टांगला, त्याची नळी सरळ इंजिनाला जोडली आणि जीप जागेवरच चालू ठेवली. सरूकाकीनं चहा केला, तो पिऊन झाला, कप धुऊन झाले, तरी इंजिन घड्याळासारखं चालत होतं. म्हणजे पंप ठीक होता, इंजिनही ठीक होतं. दोष टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत होता. पण ती नळी त्यांनी नवी घातली होती, आणि फुंकून बघितली तर मोकळी. टाकी तर त्यांनीच धुतली होती.

धनेश पाय पसरून जमिनीवर बसला. नमिता पडवीकडं बघत उभी राहिली. कंपनीत जनरेटर बंद पडला की ती झाकण उघडायच्या आधी ऑपरेटरला विचारायची. इथला ऑपरेटर समोर बसला होता, आणि इतक्या महिन्यांत तिनं त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. बोलता येत नाही, म्हणून. तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं. ती त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"काका, ही आधीपण अशी बंद पडायची?"

"हाय," गुणाजीकाका लगेच म्हणाले. त्यांचे डोळे मोठे झाले.

"गरम झाल्यावर?"

"नाय."

"चढावर?"

"नाय. नाय."

"मग नीट कशी झाली? मिस्त्रीनं केली?"

"नाय!" त्यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर आपटला.

"तुम्ही केली? काय केलंत?"

त्यांचे ओठ हलू लागले. कपाळावर घाम आला. नमितानं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं शब्द आला. "टो... टोपी."

"ऊन लागतंय त्यांना," म्हणत सरूकाकी आत पळाली आणि पांढरी टोपी घेऊन आली. डोक्यावर घालायला गेली तर काकांनी ती हिसकावून अंगणात फेकली.

"टोपी!" ते पुन्हा म्हणाले, आणि डाव्या हाताचं बोट जीपच्या मागच्या अंगाला रोखलं.

नमितानं त्या बोटाच्या रोखानं पाहिलं. तिकडं डिझेलच्या टाकीचं तोंड होतं. त्याच्यावर धनेशनं हौसेनं आणलेलं, चावीचं नवंकोरं झाकण.

"धन्या, जीप चालू कर. बंद पडेपर्यंत चालू दे."

जीप धडधडत राहिली, मग आचके देत बंद पडली. नमितानं झाकणाला चावी लावली आणि फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज पडवीपर्यंत ऐकू आला.

"हाय! हाय! हाय!" गुणाजीकाका खुर्चीतून अर्धे उठले होते.

टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी तिच्यात हवा जावी लागते, नाहीतर डिझेल बाहेर येतच नाही. त्यासाठी टाकीला वरच्या बाजूनं एक बारीक नळी असते. नमितानं तिच्यात तार घातली, ती अडली. जोर केला तेव्हा आतून वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. कुंभारमाशीनं आत घर बांधलं होतं.

धनेशनं कपाळावर हात मारला. "जुन्या झाकणाला फडकं गुंडाळलेलं होतं. सैल बसावं म्हणूनच ते. मी घाण म्हणून टाकून दिलं, आणि वर हे घट्ट झाकण लावलं."

सगळे हसले. या वेळी काकाही. पण नमिताच्या मनात एक गोष्ट अडकून राहिली. हात पुसत तिनं सरूकाकीला विचारलं, "काकी, मी तर दोन वर्षं हिच्यात बसले. माझ्यासमोर कधी बंद नाय पडली."

"कशी पडंल?" काकी म्हणाली. "तुला दिवाळीची सुट्टी होती तवा लागली बंद पडायला. पेणचा मिस्त्री म्हणाला, पंप उतरवायला लागंल, आठवडाभर ठेवा गाडी. हे म्हणाले, आणि पोरीला सोडायचं कुणी? मग रोज पहाटे उठून एकटेच बांधावर फेऱ्या मारायचे. हे खोल, ते खोल. फराळाला हाका मारल्या तरी यायचे नाय. सगळी दिवाळी त्या बांधावर गेली बघ. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आले, हात काळे, आणि म्हणाले, झाली नीट."

"पण त्यांना पेणला काम असायचं ना रोज?"

"कसलं काम गो?" सरूकाकी फेकलेली टोपी झटकत म्हणाली. "तुला उतरवायचे आणि सरळ घरी यायचे. मी म्हटलं, कामाचं खोटं कशाला सांगायचं? तर म्हणाले, नायतर तिच्या बापाला ओशाळं वाटंल."

 नमितानं टाकीवर झाकण घट्ट बसवलं, जीप चालू केली आणि एकटीच बांधाच्या टोकापर्यंत गेली. तिथं खाडीला भरती होती. इंजिन चालूच ठेवून ती बराच वेळ बसली. आपण आयटीआय पास झालो, नोकरी लागली, हे आपल्याच कष्टानं असं ती लोकांना सांगत आली होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवाळीत ती घरात करंज्या खात असताना एक माणूस या बांधावर टॉर्च लावून तिच्या सकाळच्या गाडीसाठी जीपखाली झोपलेला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळे पुसले. हाताला डिझेल होतं, ते आणखीच झोंबलं.

पुढच्या सुट्टीला त्यांनी गुणाजीकाकांना पेणला नेलं. धनेशनं आणि शेजारच्या मिथुननं त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सरूकाकी मागं बसली, मांडीवर पाटीत जिताडं. ते धनेशसाठी होतं. त्यानं मजुरी घ्यायला नकार दिला, तेव्हा काकीनं मासा घेणार नसशील तर या अंगणात पाय ठेवू नको, असं बजावलं होतं.

जीप देवळावरून गेली, वळणावरून गेली, हायवेला लागली. किमया मॅडमनी काकांचा उजवा हात तपासला, बोटं उलगडून बघितली. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "या हाताला काम द्या. काहीही द्या, पण रोज द्या."

परतताना गडबला धनेशला सोडलं. तो पाटी घेऊन उतरला आणि काकांना म्हणाला, "काका, पुढच्या वेळी काय बिघडलं तर मी थेट तुमच्याकडंच येणार." काका खूश झाले.

बांधाला लागल्यावर नमितानं जीप हळू केली. तिनं काकांचा उजवा हात उचलला, गिअरच्या गोळ्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. इंजिनाच्या थरथरीनं ती लुळी बोटंही थरथरत होती. क्लच दाबून ती म्हणाली, "काका, दुसरा टाका." दोघांच्या हातांनी गिअर पडला. मग तिसरा. तिसऱ्याला तिला वाटलं की खालचा हातही थोडा ओढतोय. खरंच ओढत होता की भास झाला, ते तिला सांगता आलं नसतं.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवाळीचं मला काकीनं सांगितलं. तुम्ही नसता तर..."

"पुढं," गुणाजीकाका मध्येच म्हणाले. आणि बऱ्याच प्रयत्नांनी, "पुढं बघ."

मागून सरूकाकी हसली. रस्त्यात खरोखरच खड्डा होता. नमितानं तो चुकवला आणि काकांच्या हातावरचा आपला हात तसाच ठेवून जीप गावाकडं नेली. आता दर सुट्टीला ती त्यांना पेणला नेते. एरवी मिथुन नेतो. आणि गाडी कुणीही चालवली तरी गिअर टाकायचं काम काकांचं असतं.