उपाशी वाफा

लेकीचा फारम मी जवळजवळ बुडवला होता, हे आधीच सांगून टाकतो. आता सगळं निभावलंय म्हणून एवढ्या खुशालीत बोलतोय. त्या वक्ताला माझी पाचावर धारण बसली होती.

मी कुशाबा, नाते गावचा. आवडी माझी धाकटी, महाडच्या हायस्कुलात एसटीनं जायची. बासष्ट सालची गोष्ट. तिची नववी संपत आली तेव्हा सायन्सच्या मास्तरांनी मुंबईहून एक फारम मागवला. तिथली एक मोठी संस्था पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात शाळेतली पोरं सहा आठवडे ठेवून घेणार, शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम देणार. जागा फक्त वीस, अर्ज अख्ख्या महाराष्ट्रातनं. फारमासोबत आपण केलेला एक प्रयोग लिहून पाठवायचा. त्या दिवसापासनं पोरीला दुसरं काय सुचेना.

तिनं प्रयोग काढला तो आमच्या राबाचा. भाताचं रोप ज्या वाफ्यात करायचं, तिथं आम्ही उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा पसरून जमीन भाजतो, तो राब. बापजाद्यांपासनं चालत आलंय. आवडी बोलली, एक वाफा भाजायचा, शेजारचा तसाच कच्चा ठेवायचा. दोन्हीत एकच बियाणं पेरून रोपांची उंची मोजायची. मी भडकलोच. वाफे रस्त्याच्या कडेला, जाणारा-येणारा बघणार. शेजारच्या येसाजीनं तर लगेच विचारलं, कुशाबा, यंदा पाला मिळाला नाय काय? पण पोरगी हट्टाला पेटलेली. दिला वाफा.

दिला खरा, पण मन खाई. जमीन अशी उपाशी ठेवायची म्हणजे काय? आणि मला वाटलं, परीक्षा म्हटली की मार्क आले. प्रदर्शनात ज्याचा भोपळा मोठा त्याला बक्षीस, तसंच हे असणार. एक वाफा मरतुकडा निघाला तर मुंबईवाले बोलतील, ही कसली शेतकऱ्याची पोर? मे महिन्यात आवडी चार दिवस पोलादपूरला मामाकडं गेली, तेवढ्यात मी कच्च्या वाफ्याला शेळीच्या लेंड्या बारीक करून मातीत मिसळल्या. पुढं ती शाळेत गेली की गवतही उपटायचो. मोठा पराक्रम केला असं वाटायचं मला.

रोपं दोन्ही वाफ्यांत अशी जोमात आली की येसाजीचं तोंड बंद. आवडी दर चार दिवसांनी फूटपट्टी घेऊन चिखलात बसायची आणि वहीत लिहायची.

ऑगस्टात फारम धाडायची वेळ आली. आदल्या संध्याकाळी तिनं ओटीवर सगळं वाचून दाखवलं. शेवटी होतं, ‘अनुमान: राब भाजल्याने रोपाच्या वाढीत फरक पडत नाही.’

माझं डोकंच फिरलं. माझा बाप, आजा काय येडे होते? मी ओरडलो, "हे कुणी सांगितलं तुला?"

"रोपांनी," ती बोलली.

मग माझ्या ध्यानात आलं. राब खोटा पडला होता तो माझ्या करणीनं. बायकोनं, राहीबाईनं, मला टोपल्या नेताना पाहिलेलं. ती नुसती माझ्याकडं बघत होती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण मुंबईचे शहाणे काय भात खात नाय? कुणीतरी पकडणारच, आणि खोटी ठरणार माझी पोर.

सकाळी ती वेणी घालत होती तेव्हा बोललो एकदाचा. "आवडे, तो कच्चा वाफा मी पोसलाय."

तिचे हात थांबले. डोळे भरले. मी बोललो, रड गो, काय बोलायचं ते बोल मला. तिनं डोळे पुसले, वही ओढली.

"काय घातलंत? किती?"

"लेंड्या. दोन टोपल्या. आणि गवत तीनदा काढलं."

तिनं वहीतली तीन पानं माझ्यासमोर धरली. तिन्हीवर लिहिलेलं, ‘गवत अचानक कमी. कारण समजले नाही.’ मी मान खाली घातली.

तिच्याबरोबर महाडला गेलो. मास्तर शिव्या घालतील असं वाटलं होतं. ते शांतपणे बोलले की लिहिलेलं काहीही खोडायचं नाही, पुढं काय कळलं ते खाली लिहायचं, आणि वडिलांनी सही करायची. आवडीनं लिहिलं, दोन टोपल्या खत आणि तीनदा गवत काढल्यावर कच्चा वाफा राबाच्या बरोबरीला आला. तसं केलं नसतं तर काय झालं असतं, ते माहीत नाही. माहीत नाही! अशा फारमाला कोण विचारणार? तरी सही केली.

पण दिवाळीनंतर मुलाखतीचं बोलावणं आलं. मुंबईत मी बाहेर बाकड्यावर बसलेला. अर्ध्या तासानं मलाच आत बोलावलं. चार साहेब बसलेले. एकानं विचारलं, "लेंडी शेळीची की मेंढीची?"

"शेळीची. आमच्याकडं मेंढरं कुठली?" मी जरा तापूनच बोललो. ते हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मार्चात पत्र आलं. आवडीनं ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. निवड झाली होती. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. राहीबाईसमोर रडलो, लपवत नाय.

मे महिन्यात महाडच्या स्टँडवर एसटीत बसताना पोरीनं माझ्याकडनं वचन घेतलं, यंदा एक वाफा खरंच उपाशी ठेवायचा. जून लागल्यावर मी पेरलं. येसाजी पुन्हा दात काढायला लागला, त्याला मी बांधावरनं हाकलला. पंधरा तारखेला मुंबईला कार्ड टाकलं:

‘चि. आवडीस आशीर्वाद. कच्च्या वाफ्यात गवत मातलंय. रोप चार बोटं, राबाचं सहा. फूटपट्टी तू नेलीस म्हणून बोटांनी मोजलं, दोनदा. मला बघवत नाय. पण हात लावलेला नाय.’